वादळाच्या जागी बसलेलं बटण

आमच्या गावात मला सगळे वादळ म्हणतात. ऐकून घाबरू नका. मी एक साधं बटण आहे. शंखाचं, चार भोकांचं, एका कडेचा टवका उडालेलं. सबतांग बेटावर धक्क्याला लागून गावसभेची खोली आहे, तिच्या भिंतीवर एक रुंद फळी टांगलेली आहे. फळीवर निळा समुद्र रंगवलाय, त्यावर उभ्याआडव्या रेघा, आणि वरच्या अंगाला आमची बेटं, सांडलेल्या तांदळाच्या दाण्यांएवढी. खऱ्या समुद्रात वादळ जिथे असेल तिथे या फळीवर मी असतो. एवढंच माझं काम.

मला बघून माणसं नाक मुरडतात. म्हाताऱ्या कपाळापासून छातीपर्यंत क्रूस काढतात. पण वादळाच्या दिवसांत घराबाहेर पडलं की माझं तोंड पाहिल्याशिवाय कुणाला चैन पडत नाही. सदऱ्याला लागलेल्या कुठल्या बटणाकडे इतकी माणसं रोज बघत असतील? मी समाधानी आहे, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर आत्मकथा सांगणाऱ्या वस्तूंना रडगाणं गायची फार सवय असते.

माझा जन्म समुद्रातल्या खडकावर, एका भोवऱ्यासारख्या शंखात झाला. शंख माणसांच्या हाती लागला, कुठल्याशा शहरात त्याच्या चकत्या पाडल्या, भोकं पडली, आणि एका पुठ्ठ्यावर भावंडांसोबत शिवला जाऊन मी जहाजानं या बेटांवर आलो. लिबोराता तेव्हा तरुण होती. लग्न ठरलेलं. तिनं तो पुठ्ठा घासाघीस करून विकत घेतला, होणाऱ्या नवऱ्यासाठी स्वतःच्या हातानं सदरा शिवला आणि मला सगळ्यात वर, गळ्याशी लावलं.

नवऱ्याचं नाव फाउस्तो. मोठाले आरायू मासे पकडणारा कोळी. पहाटे तो होडीकडे निघाला की लिबोराता त्याच्या गळ्याशी येऊन मला लावायची. तोंडाचा पट्टा चालूच असायचा. "आज वेळेवर ये. तुझ्यासाठी रताळी तापवत बसायला मी काही तुझी आई नाही!" पण बोटं अशी मऊ असायची की मला कळायचं, ही बाई बोलते एक आणि मनात हिच्या दुसरंच असतं.

फाउस्तो माणूस सोन्यासारखा होता, फक्त मासा चांगला मिळाला की मित्रांबरोबर उसाची पालेक पिऊन यायचा. मग गल्लीच्या तोंडापासूनच त्याचं गाणं ऐकू यायचं. गरगरत यायचा, दारावर आदळायचा. माझा टवका उडाला तो अशाच एका रात्री, उंबऱ्याच्या दगडावर. लिबोराता दुसऱ्या दिवशी दिवसभर त्याच्याशी बोलली नव्हती आणि संध्याकाळी त्याच्या आवडीचा उडता मासा मात्र तळला होता.

पुढे तो तापानं गेला. आपल्या खाटेवर, बायकोच्या हातचं पाणी पिऊन. कोळ्याला असं मरण मिळणं म्हणजे भाग्यच. सदरा विरला, त्याची फडकी झाली. आम्हा बटणांना लिबोरातानं कापून घेतलं आणि बिस्किटांच्या डब्यात टाकलं. डब्यात अंधार होता, पण भावंडं होती. तक्रार करण्यासारखं काही नव्हतं.

त्याच सुमाराला शाळेच्या मास्तरांनी ही फळी रंगवली. रेडिओवर वादळाची जागा सांगतात, ती रेघा मोजून फळीवर दाखवायची, म्हणजे सगळ्या गावाला दिसेल. कल्पना नामी होती. पण वादळ म्हणून मास्तरांनी लावला होता लाल कागदाचा कपटा. खिडकीतून वाऱ्याची झुळूक आली की वादळ उडून जायचं आणि मग मास्तर खुर्चीखाली वाकून ते शोधत बसायचे. गाव पोट धरून हसायचं.

एक दिवस लिबोराता मला मुठीत घेऊन आली. "हे लावा. माझा नवराही असाच होता. गरगरत, ओरडत, नको त्या वेळी यायचा आणि आला की दाराची वाट लावायचा."

खोलीत हशा पिकला. तेव्हापासून मी फळीवर आहे. रेडिओवाले प्रत्येक वादळाला वेगळं नाव देतात, पण आमच्या गावात त्याचं नाव कायमचं एकच झालं. लोक एकमेकांना विचारू लागले, "फाउस्तो कुठवर आला गं?"

आता प्रश्न उरला, मला सरकवायचं कुणी? आमच्याकडे पूर्वापार समजूत आहे. ज्याच्या हातानं वादळ गावाकडे सरकलं, त्याच्या पायगुणानं ते आलं. गावातला एकही माणूस पुढे होईना. मास्तरसुद्धा खडू झटकत म्हणाले, "मला मुलांना शिकवायचं असतं." शेवटी सगळ्यांच्या नजरा देल्फिनकडे वळल्या.

देल्फिन हा लिबोराताचा जावई. इत्बायात बेटावरचा. तिची एकुलती एक लेक एमेरेन्सिया, घरातली एमे, हिच्याशी लग्न करून तो सासुरवाडीलाच राहायला आला होता. म्हणजे परगावचा, वर घरजावई. बोल लावायला याहून सोयीचा माणूस कुठून मिळणार? तोही हसून तयार झाला.

देल्फिनच्या कामात एक खुबी होती. माझ्या भोकातून टाचणी घालून तो अंगठ्यानं ती अशी दाबायचा की टाचणीचं डोकं माझ्या तोंडाला टेकायचं. मग कितीही वारा येवो, मी हलायचो नाही. दुसऱ्या कुणाचा हात लागला की टाचणी अर्धीच आत जायची आणि खिडकीतल्या वाऱ्यानं मी फळीवर टकटक वाजत राहायचो.

दुसऱ्या कुणाचा हात का लागेल, असं तुम्ही विचाराल. सांगतो. लिबोराता अधूनमधून, खोलीत कुणी नसताना यायची. मला उपसून नखाएवढं दूर लावायची आणि दबक्या आवाजात म्हणायची, "जा तिकडे. इथे तुझं काही काम नाही." जसं काही मला ढकलल्यावर समुद्रातलं वादळही सरकणार होतं. एमे त्या खोलीचा केर काढायची. तिनं एकदा आईला रंगेहाथ पकडलं आणि झाडू टाकून खाली बसून हसली. कुणाला बोलली मात्र नाही. पुढच्या बातमीला देल्फिन मला पुन्हा खऱ्या जागी आणायचाच, त्यामुळे बिघडत काही नव्हतं.

बिघडलं ते एकदाच. ते सांगण्यासाठीच तर इतकं बोलतोय.

त्या वर्षी एमेला दिवस गेले. पोटातलं मूल आडवं आहे असं दाईनं सांगितलं, म्हणून तिला पलीकडच्या बातान बेटावर, बास्कोच्या दवाखान्यात नेलं. सुखरूप बाळंत झाली. मुलगी. निरोप आला तेव्हा देल्फिन छपरावर गवत शाकारत होता. तिथूनच तो असा ओरडला की कोंबड्या चौफेर पळाल्या. थोड्या दिवसांनी एमे बाळाला घेऊन बातानवरच, इवानाच्या धक्क्याजवळ मावशीकडे येऊन राहिली. मध्ये फक्त सामुद्रधुनी. पण समुद्र बरेच दिवस खवळलेला होता, फालुवा सुटत नव्हती. देल्फिननं अजून लेकीचं तोंड पाहिलं नव्हतं, आणि लिबोरातानं नातीचं.

फालुवा म्हणजे आमची पोटाशी गोल, दणकट होडी. ती सेवेरोची. गावातल्या समस्त पोरीबाळींचा तो मारान, म्हणजे मामा. लिबोराता रोज त्याच्या मागे लागायची. "सेवेरो, माझी लेक कधी आणतोस? का नात चालायला लागल्यावर पोहत येऊ दे तिला?"

"लिबोराता, समुद्र माझ्या बापाचा नाही. शांत झाला की आणतो."

आणि समुद्र शांत झाला तेव्हाच रेडिओवर बातमी आली. दूर पूर्वेला वादळ तयार झालं होतं.

देल्फिननं मला फळीच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात लावलं. नंतरच्या बातमीला थोडं वर, थोडं डावीकडे. पुढे आणखी. मी आमच्या बेटांच्या रोखानं निघालो होतो, हे शेंबड्या पोरालाही दिसत होतं.

"आणलास का रे जवळ?" लिबोराता दारातूनच गरजली. "इत्बायातची माणसं! स्वतःच्या गावाकडे नेलंस का कधी एखादं वादळ?"

"इना, मी फक्त बटण सरकवतो." आमच्याकडे आईला आणि सासूलाही इना म्हणतात.

"बटणच सरकवतोस ना? मग जरा तिकडे सरकव की. हात झिजतो का तुझा?"

सगळे हसले, देल्फिनही हसला. हसताना त्याचे डोळे मात्र फळीवरच्या इवानाच्या ठिपक्यावर होते. त्यानं टाचणी दाबून बसवली आणि शेजाऱ्यांच्या छपरांवर दोर आवळायला गेला. आमच्याकडे एकाचं छप्पर सगळे मिळून बांधतात. जाड दोरांची जाळी गवतावर टाकायची आणि टोकं जमिनीतल्या दगडांना बांधायची. पण वादळ येणार की वळणार हे नक्की नव्हतं, म्हणून त्या दिवशी हात जरा सैलच चालत होते.

दिवेलागण झाली. खोली रिकामी होती. लिबोराता आली. तिनं इकडेतिकडे पाहिलं, मला उपसलं, आणि नखाएवढं वर, मोकळ्या समुद्राकडे लावलं. "फाउस्तो," ती म्हणाली, "आयुष्यभर माझं एक ऐकलं नाहीस. आज ऐक. पोरगी पलीकडे आहे. तू दुसऱ्या वाटेनं जा." ती गेली आणि मी टकटक वाजू लागलो.

थोड्या वेळानं चर्चमध्ये मेणबत्त्या लावणारी बाई आली. तिनंही इकडेतिकडे पाहिलं आणि मला नखाएवढं वर लावलं. तिच्या शेतातला लसूण अजून काढायचा होता. मग सेवेरोची बायको आली. मग मास्तर आले, ज्यांनी आयुष्यभर मुलांना अक्षांश शिकवले होते. सगळ्यात शेवटी, कुणाला सांगू नका, गावप्रमुख स्वतः आले, खोकले, चष्मा पुसला आणि मला नखाएवढं वर लावून निघून गेले. प्रत्येकाला वाटत होतं की असा वेडेपणा करणारे आपण एकटेच. मला खरं सांगायचं तर गुदगुल्या होत होत्या. इतक्या मायेनं कुणी ढकललं तर कुणाला आवडणार नाही? पण फळीवरचं नखाएवढं म्हणजे समुद्रातलं दिवसभराचं अंतर असतं, हे मला तेव्हा सुचलं नाही.

सकाळी उजाडताच सेवेरो फळीपाशी आला. पाठोपाठ लिबोराता. मला बघून ती थबकली. तिनं ढकललं होतं त्याच्याहून मी कितीतरी दूर गेलो होतो! तिचा चेहरा उजळला. तिला वाटलं, आपण फक्त सुरुवात करून दिली, पुढचं देवानं केलं.

"वळलं! सेवेरो, बघ, वळलं! चाललं ते वर, जपानकडे!"

सेवेरोनं डोळे बारीक केले. "वळलेलं दिसतंय खरं. पण लाट लांबलचक येतेय."

"शेपूट असेल त्याची. जाताना माणूस दार आपटतो तसं. जा बाबा, आण माझ्या लेकीला. समुद्र बघ कसा तेलासारखा पडलाय!"

सेवेरो निघाला. मी टकटक वाजत होतो, जेवढा वाजता येईल तेवढा. पण बटणाचं ऐकतो कोण.

फालुवा टेकाडाआड गेली आणि देल्फिन रेडिओ कानाशी धरून आला. सकाळची बातमी सुरू होती. त्याची बोटं सवयीनं रेघा मोजत गेली, उभी, मग आडवी, आणि एका जागी थांबली. ती जागा आमच्या बेटांना जवळजवळ चिकटलेली होती. मग त्यानं वर पाहिलं. मी वीतभर दूर लटकत होतो.

"मी इथे नव्हतं ठेवलं," तो म्हणाला.

खोलीत पाचसहा माणसं होती. लिबोराताचा रंग उतरला. "मी," ती म्हणाली. "पण मी नखाएवढंच लावलं होतं. देवाशपथ, नखाएवढंच."

"मीपण नखाएवढं," मेणबत्तीवाली बाई म्हणाली.

"मीही," मास्तर म्हणाले आणि खाली बसले.

गावप्रमुखांनी चष्मा काढला. सेवेरोच्या बायकोनं तोंडावर पदर घेतल्यासारखा ओढणीचा बोळा धरला आणि ती धक्क्याकडे धावली. मागोमाग सगळे धावले. खिडकीतून मला धक्का दिसतो. सगळं गाव ओरडत होतं, डोक्यावरची गवती टोपडी, आमची वाकुल, काढून हलवत होतं. समोर रिकामा समुद्र होता, तेलासारखा पडलेला.

देल्फिन पाण्यात पोहून जायला निघाला तेव्हा त्याला चौघांनी धरून ठेवलं.

मग कुणी कुणाला बोल लावला नाही. बोलायला वेळही नव्हता आणि बोट दाखवायला निर्दोष बोट कुणाकडे नव्हतं. सैल बांधलेले दोर पुन्हा आवळले गेले. बकऱ्या, कोंबड्या घरात घेतल्या. गावसभेच्या खोलीचं छप्पर पत्र्याचं, वाऱ्यानं उडेल असं होतं, म्हणून देल्फिननं फळी खांद्यावर टाकली आणि मला माझ्याच जुन्या घरी, लिबोराताच्या दगडी घरात आणलं.

दुपारी वारा सुरू झाला. ज्या बाजूनं तो येतो त्या बाजूच्या भिंतीला आमच्याकडे खिडकीच ठेवत नाहीत. त्या भिंतीला फळी टेकवली होती. देल्फिन रेडिओ घेऊन एका बाजूला बसला, लिबोराता दुसऱ्या बाजूला. मध्ये बकरी. वर छपरावरचे दोर कण्हत होते.

"शिव्या दे मला," लिबोराता म्हणाली.

"तुम्हाला? शिव्यांत तुमच्यापुढे माझा काय पाड लागणार?"

"थट्टा नको करू रे. मी माझ्या हातानं पोरीला वादळात बोलावलं. तुझी बायको. तुझं लेकरू." ती रडायला लागली. डोक्यावरचं वाकुल पुढे ओढून ती लहान मुलासारखी हुंदके देत होती.

देल्फिननं रेडिओचा आवाज कमी केला. "इना, इतकी वर्षं मी हे बटण गावाजवळ आणतोय. गाव मला वादळ आणणारा म्हणतं. तुम्हीही म्हणता. मी हसतो, पण मला लागतं. मलाही वाटतं की ढकलून द्यावं दूर. काल तर फार वाटलं. पण मी ते जवळ नाही दाखवलं, तर दोर कोण आवळणार?"

लिबोरातानं वाकुल मागे सारलं आणि जावयाकडे पाहिलं. मला वाटतं, इतक्या वर्षांत तिनं त्याला तेव्हाच पहिल्यांदा नीट पाहिलं.

रेडिओ खरखरला. बातमी आली. देल्फिननं रेघा मोजल्या. उभी, आडवी. मग त्यानं मला उपसलं आणि टाचणीसकट सासूच्या तळहातावर ठेवलं. "आता तुम्ही लावा."

"मी? आपल्याच गावावर? माझ्या हातानं?"

"आहे तिथे लावा."

तिनं मला बोटांत धरलं. बोटं म्हातारी झाली होती, पण मी ती ओळखली. गळ्याशी यायची तीच. तिनं मला फळीवर आणलं, सबतांगवर, बातानवर, मधल्या सामुद्रधुनीवर. आमची सगळी बेटं माझ्याखाली झाकली गेली. "ये बाबा फाउस्तो," ती पुटपुटली. "आलास तर ये. आत ये, आणि मग जा." आणि तिनं अंगठ्यानं टाचणी अशी दाबली की टाचणीचं डोकं माझ्या तोंडाला टेकलं. छप्पर कण्हत होतं, भिंत थरथरत होती, पण मी जराही वाजलो नाही.

काही वेळानं वारा एकदम थांबला. त्याचा अर्थ आमच्याकडच्या माणसांना सांगावा लागत नाही. वादळाच्या मधल्या भोकात गाव आलं होतं. देल्फिन बाहेर जाऊन दोर चाचपून आला. दोर शाबूत होते. लिबोराता दारात उभी राहून सामुद्रधुनीकडे बघत होती. तिथे सगळं पांढरं होतं. मग तिनं हे दार लावून दुसऱ्या बाजूची खिडकी अडसरानं बंद केली, कारण आता वारा उलटीकडून येणार होता. तो आला, आणि संध्याकाळपर्यंत दमला.

समुद्र उतरेपर्यंत जे दिवस गेले ते मला आठवायला आवडत नाहीत. गावात पडलेली झाडं तोडत होते, पण कुऱ्हाडीचा प्रत्येक घाव घातल्यावर माणसं समुद्राकडे बघत होती. देल्फिन जेवत नव्हता. लिबोराता त्याच्यापुढे रताळी ठेवायची आणि तीही तशीच बसायची.

आणि एका सकाळी टेकाडावरून कुणीतरी ओरडलं, "फालुवा!"

तेव्हा मी पुन्हा गावसभेच्या खोलीत टांगला गेलो होतो. खिडकीतून मी सगळं पाहिलं. होडीच्या टोकाला सेवेरो होता. मध्ये एमे बसली होती, कुशीत गाठोडं, गाठोड्यावर वाकुल. देल्फिन कमरेइतक्या पाण्यात गेला आणि ते गाठोडं त्यानं दोन्ही हातांनी डोक्यावर उचलून आणलं. गाठोडं रडत होतं. त्याच्यापेक्षा मोठ्यानं देल्फिन रडत होता.

लिबोराता मात्र मागेच उभी. एमेच तिच्याजवळ आली. "काय गं इना, नात नको का बघायला?"

"मी बटण ढकललं होतं, एमे."

"माहीत आहे मला."

"कसं?"

एमे हसायला लागली. मग तिनं खोलीत येऊन, माझ्यासमोर उभं राहूनच सगळ्यांना सांगितलं. सेवेरो इवानाला पोचला आणि म्हणाला, वादळ वळलं, चल लवकर. समुद्र शांत होता. पण मावशीच्या मागच्या डोंगरावरच्या गाई सकाळीच खाली घळीत उतरल्या होत्या. एमेला शंका आली.

"मी विचारलं, मारान, बटण वाजत होतं का?"

"मला वाटलं बाळंतपणात पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला," सेवेरो म्हणाला. "मी म्हटलं, हो, वाजत होतं. टकटक, टकटक. डोकं उठवलं होतं त्यानं. तर ही बया म्हणते, मग मी येत नाही!"

"देल्फिननं लावलेलं बटण कधी वाजत नाही," एमे म्हणाली. "वाजत होतं म्हणजे ते इनानं लावलेलं. मी मारानला म्हटलं, होडी वर ओढा आणि मावशीच्या छपराला दोर बांधायला या."

"मी कसला चिडलो होतो," सेवेरो म्हणाला. "एवढा जुना खलाशी मी, आणि बटणाच्या आवाजावरून ही मला शहाणपण शिकवते! पण बाळंतिणीशी भांडणार कोण? ओढली होडी. वारा सुटला तेव्हा आम्ही खिडक्यांना अडसर लावत होतो." तो बोलता बोलता थांबला, माझ्याकडे आला आणि त्यानं बोटानं मला हलवून पाहिलं. मी हललो नाही.

लिबोरातानं लेकीला मिठी मारली, मग नातीला घेतलं. हसत होती, रडत होती, नातीच्या नाकाची चौकशी करत होती की हे इत्बायातचं नाक आमच्या घरात कसं आलं. देल्फिन म्हणाला, "वादळाबरोबर." तिनं त्याला चापट मारली आणि लगेच त्याच्या डोक्यावरून हातही फिरवला.

दुसऱ्या दिवशी ती बिस्किटांचा डबा घेऊन खोलीत आली. गाव जमलेलं होतं. तिनं डब्यातून माझा एक भाऊ काढला, त्याच सदऱ्याचा, पोटाजवळचा. एका सैल टाचणीनं तिनं त्याला माझ्याच समुद्रात, माझ्या शेजारी लावलं.

"नीट ऐका," ती म्हणाली. "हे टवक्याचं बटण खरं. याला देल्फिनशिवाय कुणी हात लावायचा नाही. लावला तर बोटं मोडीन, मग तो गावप्रमुख का असेना." गावप्रमुख खोकले. "आणि हे दुसरं आपल्या मनाचं. हात शिवशिवला की याला ढकला. दिवसातून शंभरदा ढकला. पार चीनपर्यंत न्या. पण होडी सोडायची ती खऱ्याकडे बघून."

मास्तर म्हणाले, "पहिला मी ढकलतो," आणि रांग लागली.

याला आता किती वर्षं झाली! हल्ली सगळ्यांच्या खिशात फोन आहेत आणि फोनमध्ये वादळाची चित्रं फिरतात. तरी वादळाची चाहूल लागली की माणसं फळीपाशी येतातच. देल्फिनचे केस पिकले. त्याचा अंगठा दुखतो, म्हणून आता मला लावते ती इसिद्रा, त्याची लेक, वाकुलाखालून आलेलं ते गाठोडं. बापासारखीच दाबून लावते. गावाजवळ आणताना तिला कुणी बोल लावत नाही. लिबोराता फार म्हातारी झाली आहे. काठी टेकत येते, माझ्या भावाला उपसून वर, मोकळ्या समुद्राकडे लावते आणि त्याला म्हणते, "जा तिकडे, इथे तुझं काही काम नाही." मग माझ्याकडे वळते आणि मला बोटानं फक्त चाचपते, गळ्याशी लावल्यावर चाचपायची तसं. तेवढ्यासाठी मी वर्षभर वाट बघतो.

तुम्ही कधी आमच्याकडे आलात आणि समुद्राचं लक्षण ठीक दिसलं नाही, तर एवढी विनंती आहे. माझ्या भावाला खुशाल ढकला. तो फार गुणी आहे, सगळ्यांच्या इच्छा अंगावर घेऊन दिवसभर टकटक वाजत असतो. पण निघताना क्षणभर माझ्याजवळ कान आणा. माझा आवाज येणार नाही. मी जिथे आहे तिथे बघा, आणि घरी जाऊन छपराला दोर बांधा.